जुना वाडा दुरुस्त करून परसात नवा भाग जोडताना

पुणे, वाई, सातारा, नाशिक या पट्ट्यातले शंभर-दीडशे वर्षांचे वाडे बहुतेक एकाच घडणीचे असतात. खाली काळ्या दगडाचे जोते, वर दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-विटांच्या भिंती, आत तळखड्यांवर (खांबाखालच्या दगडी बैठकांवर) उभे सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट (ओळीने कड्या आणि त्यांवर फळ्या) आणि सगळ्यात वर कौले. हा सांगाडा वयाने मोडत नाही, तो पाण्याने मोडतो. म्हणून इथला सगळा क्रम एकाच हिशोबाने लावला आहे: आधी जुन्या वाड्याला पाण्यापासून सोडवायचे, आणि न्हाणीघर, संडास, स्वयंपाकघर, टाकी अशी ओली कामे परसातल्या नव्या भागात न्यायची. नवा भाग स्वतःच्या पायावर उभा राहील, त्याने वाड्याच्या भिंतीवर एक वीटही टेकवायची नाही.

कोकणातल्या जांभ्याच्या घरांना किंवा मराठवाड्यातल्या माळवदांना यातले बरेचसे लागू पडते, पण छपराचे आणि भिंतींचे तपशील वेगळे निघतात.

पहिला पावसाळा फक्त बघण्याचा

वाडा ताब्यात आला की फोडाफोडीची घाई होते. एक पावसाळा थांबता आले तर थांबा. जून ते सप्टेंबर या काळात वाडा स्वतःच आपले दुखणे दाखवतो: कोणत्या कडीवर ओल उतरते, पागोळ्या कुठे पडतात, चौकातले पाणी किती वेळात निचरते, कोणत्या भिंतीला खालून किती फुटांपर्यंत ओल चढते. प्रत्येक डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारून तारीख घाला. भेगांवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. काच तडकली तर भेग जिवंत आहे, म्हणजे पाया किंवा तुळई अजून हलते आहे. शाबूत राहिली तर ती भेग जुनी आहे, ती नुसती भरून चालेल. या दोन भेगांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, आणि बिनकामाचा खर्च सर्वात जास्त इथेच होतो.

याच काळात मोजमापाचे नकाशे काढून घ्या. प्रत्येक मजल्याचा नकाशा, निदान दोन उभे छेद, आणि प्रत्येक खणाचा, म्हणजे दोन खांबांमधल्या गाळ्याचा, फोटो. मग लाकडाला क्रमांक द्या: खांब ख-१, ख-२, तुळया त-१, त-२, कड्या खणानुसार. ऑइलपेंटने न दिसणाऱ्या बाजूला लिहा किंवा पितळी बिल्ले ठोका. खडूने लिहिलेले आकडे आठवड्यात पुसले जातात. मग उतरवलेल्या कड्या कुठल्या खणाच्या हे कोणालाच सांगता येत नाही. जुन्या सुतारांनी प्रत्येक कडी तिच्या खोबणीपुरती तासलेली असल्यामुळे ती दुसरीकडे नीट बसत नाही.

कागदपत्रे

गावठाणातल्या घराला बहुधा सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते. तिच्यावर किती वारसांची नावे आहेत ते पाहा, कारण एका सहहिस्सेदाराची हरकतही काम बंद पाडू शकते. भाडेकरू असतील तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ लागू होतो, त्यांच्याशी लेखी बोलणी आधी उरकावीत.

परवानगीसाठी दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, वाडा स्थानिक वारसा यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत. श्रेणी १ मध्ये बदलाला जवळपास वाव नसतो. श्रेणी २ मध्ये आतले बदल आणि मागची जोडणी विचारात घेतली जाते, तर श्रेणी ३ मध्ये त्याहून मोकळीक असते. दुसरी, जवळ केंद्र संरक्षित स्मारक आहे का. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये ना-हरकत लागते. निषिद्ध पट्ट्यात जुन्या घराची दुरुस्ती परवानगीने करता येते, पण परसातली नवी खोली मिळत नाही. पुण्यात शनिवारवाडा आणि पाताळेश्वर ही दोन्ही केंद्र संरक्षित स्मारके आहेत, तेव्हा आसपासच्या पेठांतल्या मालकांनी अंतर मोजल्याशिवाय वास्तुविशारदाला नव्या भागाचे पैसे देऊ नयेत.

माणसे निवडताना एकच कसोटी पुरते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, लाकडी तुळईचे टोक कुजले तर काय कराल? ‘काढून आयबीम (पोलादी तुळई) टाकू’ हे पहिलेच उत्तर आले तर दुसरा माणूस शोधा. ठेका एकरकमी देऊ नका. भिंत उघडल्यावर काय निघेल हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून बाबवार दर ठरवा, सुतारकाम रोजावर ठेवा आणि अंदाजाच्या वर निदान एक पंचमांश रक्कम हाताशी ठेवा.

आधी जमिनीचे पाणी

रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि वाडा खाली जातो. दीड-दोन फूट उघडे असलेले जोते आज वीतभर दिसते, आणि रस्त्याचे पाणी थेट भिंतीच्या विटेला लागते. आपल्या हद्दीत जेवढे शक्य आहे तेवढी माती काढून बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा किमान १५ सेंमी खाली आणा. मग भिंतीपासून फूटभर सोडून ३० सेंमी रुंदीचा चर खणा, पण तो पायाच्या तळापेक्षा खोल जाऊ देऊ नका. चराच्या तळाला १:१०० उतार द्या, भोके पाडलेला ११० मिमीचा पाइप ठेवा, भोवती २० मिमीची खडी भरा आणि खडीभोवती जिओटेक्स्टाइलचे कापड गुंडाळा. कापड नसेल तर दोन पावसाळ्यांत काळी माती खडीत शिरून चर मुका होतो.

भिंतीला ओल चढते म्हणून जोत्याला बाहेरून सिमेंटचा गिलावा करणे हा सर्रास दिसणारा उपाय आहे. तो ओल थांबवत नाही, वर ढकलतो. आधी दोन फुटांवर असलेली ओल मग चार-पाच फुटांवर, कड्यांच्या टोकांजवळ दिसू लागते. असा गिलावा असेल तर छिन्नीने, हलक्या हाताने काढून टाका. ब्रेकर मशीन लावू नका. आतली मऊ वीट सिमेंटला चिकटून निघते.

छप्पर: दिवाळीनंतर उघडा, वळवाआधी झाका

छप्पर दिवाळीनंतर उघडावे आणि मार्चअखेर कौलांनी बंद करावे. एप्रिल-मे महिन्यांतला वळीव तासाभरात कडीपाटावरची माती भिजवून टाकतो. एका वेळी दोनच खण उघडा, आणि बाकीच्यावर ताडपत्री बांधलेली ठेवा.

मंगळुरी कौले एका चौरस मीटरला साधारण १५-१६ लागतात. उतरवताना प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहा: खणखणीत वाजले तर ठेवा, बद्द वाजले तर बाजूला काढा. मागच्या बाजूला कारखान्याचा शिक्का असतो, त्यावरून गठ्ठे वेगळे लावा. दोन कारखान्यांच्या कौलांच्या खोबणी एकमेकींत नीट बसत नाहीत आणि गळती नेमकी तिथूनच सुरू होते. कमी पडणारी कौले जुन्या बाजारातून त्याच शिक्क्याची मिळवा आणि छपराच्या एका उतारावर एकाच जातीची बसवा. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ चा. त्यामुळे वाडा त्याहून जुना असेल तर त्यावर आधी कुंभाराची नळीची कौले होती हे गृहीत धरायला हरकत नाही. पण नळीची कौले दर वर्षी चाळावी लागतात, वानरे त्यांची नासाडी करतात आणि ती घडवणारे हात दुर्मिळ झालेत. केवळ शोभेसाठी ती परत आणू नयेत, असे आमचे मत आहे.

रिपांचे (कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचे) अंतर पुस्तकातून घेऊ नका. हातातली दहा कौले जमिनीवर जोडून लावा, एकूण लांबी मोजा आणि त्यावरून ठरवा. वासे आणि रिपा यांच्यामध्ये हवा जाऊ देणारा पडदा घालता येतो. साधा प्लास्टिक कागद मात्र घालू नका, त्याच्या खालच्या बाजूला वाफ जमून वासे भिजतात. चुली बंद झाल्यापासून छपराच्या लाकडाला धूर लागत नाही, माळा कोंदट राहतो आणि किडीचे फावते. म्हणून दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत जाळीचे झरोके उघडे ठेवा.

पन्हळीचा हिशोब सोपा आहे. १०० चौरस मीटरच्या छपरावर तासात ५० मिमी पाऊस पडला तर ५,००० लिटर पाणी येते. दर ४० चौरस मीटरला ११० मिमीचा एक उभा पाइप धरा आणि तो भिंतीजवळच्या चरात सोडू नका, वेगळ्या नळीने बाहेर काढा.

लाकूड

लाकूड तपासायला महागडे यंत्र लागत नाही. टोचा आणि लाकडी हातोडा पुरतो. प्रत्येक खांबाचा तळ, प्रत्येक तुळईचे भिंतीत गेलेले टोक, प्रत्येक सांधा टोचून पाहा. चांगल्या सागात टोचा दोन-तीन मिमी शिरून अडतो, कुजलेल्यात पेरभर सहज जातो. ओलावामापक असेल तर १५ टक्क्यांखाली लाकूड निर्धास्त आहे. २० च्या वर गेले तर बुरशीला आमंत्रण.

वाळवी आणि भुंगा यांत गल्लत होते. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. ती जमिनीतून येते, म्हणून उपचार जमिनीत करावा लागतो. टाचणीएवढी भोके आणि खाली पीठ पडलेले दिसले तर भुंगा. तो लाकडातच राहतो, आणि बहुधा नंतर कोणीतरी बसवलेल्या हलक्या लाकडात किंवा सागाच्या पांढऱ्या भागात सापडतो. सागाचा गाभा तो सहसा सोडून देतो, तेव्हा वरचा पोखरलेला थर तासून आत टोचून बघितल्याशिवाय तुळई रद्द करू नका.

खराब होतात ती टोके. भिंतीत गाडलेले तुळईचे टोक गिलाव्यामागे वर्षानुवर्षे ओले राहते आणि मधली बारा फूट तुळई मात्र घंटेसारखी शाबूत असते. तेव्हा पूर्ण तुळई बदलण्याऐवजी टोक बदला. क्रम असा:

१. दोन्ही मजल्यांवर एकाखाली एक टेकू द्या, भार थेट जमिनीपर्यंत गेला पाहिजे. टेकूच्या खाली आणि वर ५० मिमी जाडीची फळी ठेवा. खालच्या मजल्यावर टेकू न देता फक्त वर दिला तर खालचा कडीपाट खचतो.

२. जॅकने तुळईवरचा भार नुसता सुटेल एवढेच उचला, दिवसाला २-३ मिमीपेक्षा जास्त नाही. शंभर वर्षांत आलेला बाक सरळ करायला जाऊ नका. सांधे फाटतात आणि वरच्या भिंतीला भेगा जातात.

३. कुजलेला भाग कापा, आणि बुरशी असेल तर त्यापुढचे वीतभर चांगले दिसणारे लाकूडही कापा.

४. त्याच जातीच्या जुन्या, मुरलेल्या सागाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडा. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या तिप्पट ते चौपट ठेवा. १२ मिमीचे स्टेनलेस स्टीलचे किमान चार बोल्ट, खाली रुंद वॉशर. भार जास्त असेल तर दोन्ही बाजूंनी पोलादी पट्टी. तिची जाडी आणि लांबी इंजिनिअरने हिशोबाने द्यायची, सुताराने अंदाजाने नाही.

५. भिंतीत टोकाखाली घडीव दगडाची बैठक द्या आणि टोकाच्या वर, बाजूंना व मागे २०-२५ मिमी मोकळी जागा सोडा. गवंडी ही फट सवयीने मालाने बुजवतो. समोर उभे राहून थांबवा, कारण हीच फट पुढची पन्नास वर्षे टोक कोरडे ठेवते.

खांबाचा तळ कुजला असेल तर तेवढाच कापून सागाचा तुकडा बसवा किंवा तळखडा उंच करा. तळखडा काढून तिथे काँक्रीटचा ठोकळा ओतू नका. काँक्रीट खालची ओल खांबाला पोचवते.

जुने सागवान पाडलेल्या वाड्यांमधून येते आणि पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये मिळते. घेताना खिळे मोजा. पन्नास खिळ्यांच्या तुळईतून कापून निघणारे लाकूड आणि मोडणारी करवतीची पाती यांचा हिशोब केला तर स्वस्त तुळई महाग पडते.

लाकडावरचा जुना ऑइलपेंट काढताना सुके घासू नका. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरून चालावे. रिमूव्हर लावून ओलेच खरवडा, तोंडाला चांगला मास्क लावा आणि पोरांना त्या खोलीत येऊ देऊ नका. नंतर बेलतेलाचे (उकळलेल्या जवस तेलाचे) दोन-तीन हात, प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावर. तेलाने माखलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप पेट घेतात. त्या बाहेर मोकळ्या हवेत एकेक पसरा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

भिंती आणि चुना

जाड दगडी भिंत म्हणजे बहुधा दोन भिंती असतात, आतली आणि बाहेरची, आणि मध्ये चिपांचा, मातीचा भराव. पाणी शिरले की भराव खाली बसतो, बाहेरची बाजू फुगते आणि भिंतीला पोट सुटते. दोन्ही बाजूंना बांधणारे आरपार दगड नसतील तर भूकंपात ही भिंत उभी उकलते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या अशाच भिंतींनी आणि वरच्या मातीच्या जड छपरांनी माणसे गाडली. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपामुळे सातारा जिल्ह्यातल्या मालकांनाही हे सांगायला नको.

ओळंबा सोडून पोट मोजा. थोडे असेल तर उभ्या-आडव्या दर मीटरला, एकाआड एक सरकवून, दर्शनी बाजूचा एक दगड अलगद काढा, पलीकडेपर्यंत ७५ मिमीचे भोक करा, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली ८ मिमीची स्टेनलेस सळी ठेवा आणि बारीक खडीच्या मालाने भरा. दगड हातोड्याने ठोकून सैल करू नका, पहारीने हळूहळू हलवा. आतला भराव चुन्याचा असेल तर पोकळ्यांत चुना-सुरखीचे (सुरखी म्हणजे विटांचा चुरा) पातळ मिश्रण नरसाळ्याने ओता: एका दिवसात ६० सेंमी उंचीपेक्षा जास्त नाही, कारण ओल्या मिश्रणाचा दाब बाहेरची बाजू ढकलतो. भराव मातीचा असेल तर हे ओतूच नका. पाण्याने माती वाहून जाते आणि पोकळी वाढते. पोट मोठे असेल तर तेवढा भाग टेकू देऊन उतरवून पुन्हा रचायचा. दुसरा रस्ता नाही.

आता चुना. सिमेंट कडक असते आणि ओल अडवून धरते, जुनी वीट मऊ असते आणि ओल सोडू पाहते. दोघांची गाठ पडली की क्षार विटेच्या तोंडाशी साचतात आणि सिमेंटच्या मागे विटेचे पीठ होते. म्हणून गिलावा, दर्जा (दगड-विटांमधल्या फटी भरणे), सांधे सगळे चुन्यातच.

चुनकळी, म्हणजे भाजलेला पण न विरवलेला चुना, ताजी हवी. ढेकूळ पाण्यात टाकल्यावर सूं करून फुटले पाहिजे. पोत्यातच भुगा झालेली असेल तर ती हवेत विरून गेलेली आहे, परत करा. विरवताना पाण्यात चुनकळी घाला, चुनकळीवर पाणी ओतू नका. पाणी उकळते आणि उडते, डोळ्यांना चष्मा आणि हातांना लांब मोजे हवेतच. १ किलो चांगल्या चुनकळीपासून सुमारे २ लिटर लोणी (चुन्याचा मऊ लगदा) मिळते. ते जाळीतून गाळून पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरू द्या. घाई केली तर न विरलेले कण भिंतीवर गेल्यावर विरतात आणि गिलाव्यावर फोड येतात.

प्रमाण १ भाग चुन्याचे लोणी, १ भाग सुरखी, २ भाग वाळू. सुरखी कमी भाजलेल्या लाल मातीच्या विटेची. सिमेंटच्या ठोकळ्याचा किंवा फ्लायॲश विटेचा चुरा चालत नाही. नदीची वाळू नसेल तर धुतलेली क्रश सँड घ्या, धुळीसकट नाही. १० चौरस मीटरवर १२ मिमीच्या एका थराला, ओबडधोबड भिंतीची तूट धरून, ५० लिटर लोणी, ५० लिटर सुरखी आणि १०० लिटर वाळू लागते. म्हणजे सुमारे २५ किलो चुनकळी. मूळ वाड्यातला माल कसा होता हे पाहायचे तर एक ढेकूळ सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाका. चुना विरघळतो, वाळू आणि सुरखी तळाला उरते.

चुन्याच्या घाण्यात किंवा मिक्सरमध्ये माल चांगला मळा. शक्य तेवढे कमी पाणी, जास्त मळणी. गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर यांबद्दल बरेच बोलले जाते. त्यांनी माल लवचीक होतो आणि हळू सुकतो हे खरे, पण मुरलेला चुना आणि नीट पाणी मारणे यांची जागा ते घेत नाहीत. गूळ सढळ हाताने घातला तर मुंग्या लागतात, एवढे मात्र नक्की.

भिंत आदल्या संध्याकाळी भिजवा, सकाळी पुन्हा. थर १२ मिमीपेक्षा जाड नको, दोन थरांत किमान आठवडा जाऊ द्या. गिलाव्यावर ओले बारदान टांगून दोन आठवडे ओलसर ठेवा. उन्हाच्या झळीत काम केले तर केसासारख्या भेगांचे जाळे पडते आणि हात फिरवला की भुकटी सुटते, म्हणून हे काम छप्पर झाकलेल्या खणांत जानेवारी-फेब्रुवारीतच उरकावे. सुरुवातीला एक चौरस मीटरचा नमुना करून महिनाभर बघा, मग पूर्ण भिंतीचा ठेका द्या. वरून चुन्याच्या सफेदीचे तीन पातळ हात. ॲक्रिलिक रंग लावला तर वरची सगळी मेहनत प्लास्टिकच्या पिशवीत बंद केल्यासारखी होते.

जमीन, वाळवी, वायरिंग

फरशीखाली धुम्मस केलेला मुरूम, त्यावर चुन्याचा कोबा आणि शहाबादी फरशी. प्लास्टिक कागद अंथरून वर व्हिट्रिफाइड टाइल लावली तर जमिनीतली ओल बाजूला सरकून भिंतींत चढते.

वाळवीचा उपचार फरशी बसवण्याआधी. भिंत आणि जमिनीच्या कोपऱ्याने दर ३० सेंमीला १२ मिमीची भोके पाडून क्लोरपायरिफॉस २० ईसी, १ लिटर औषधाला १९ लिटर पाणी, भोकाला सुमारे एक लिटर. चौकात वापरातला आड असेल तर त्याच्या जवळच्या भागात हे औषध जमिनीत सोडू नका.

वायरी कडीपाटावर मोकळ्या सोडू नका, उंदीर कुरतडतात आणि लाकूड पेटते. धातूच्या नळीत, कडीच्या कडेने, उघड्यावर. जुन्या भिंतींत खाचा मारायच्या नाहीत. वाड्याला स्वतंत्र बोर्ड, त्यावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा खटका) आणि नवे अर्थिंग.

परसातला नवा भाग

आधी जुन्या भिंतीला लागून एक मीटर बाय एक मीटरचा चाचणी खड्डा खणा. वाड्याचा पाया किती खोल आहे आणि कशावर बसला आहे, मुरमावर की काळ्या मातीवर, हे कळल्याशिवाय नव्या पायाचे चित्र काढू नये. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. नवी इमारत पहिली काही वर्षे बसत राहते, जुनी केव्हाच बसून झालेली असते. दोन्ही घट्ट जोडल्या की सांध्यावर भेग ठरलेली, आणि ती भेग नेहमी जुन्याच भिंतीत जाते.

म्हणून नव्या भागाचे खांब आणि पाया वेगळे. नवा पाया जुन्यापेक्षा जितका खोल, किमान तितकाच तो दूर: ६० सेंमी खोल असेल तर निदान ६० सेंमी अंतर. दीड मीटर सोडता आले तर उत्तम. जुन्या भिंतीजवळची खोदाई एकदम पूर्ण लांबीची करू नका. मीटर-सव्वामीटरचे तुकडे करा, एक भरून झाल्यावर एक सोडून पुढचा. पावसाळ्यात खड्डा उघडा ठेवू नका.

दोन्ही इमारतींमध्ये १.२ ते १.५ मीटर रुंदीचा हलका जोडमार्ग ठेवा, पोलादी किंवा लाकडी चौकटीचा, काच किंवा जाळीचा. त्याचे छप्पर वाड्याच्या वळचणीच्या किमान फूटभर खाली हवे, नाहीतर पागोळ्या थेट सांध्यात पडतात. जोडमार्ग वाड्याला जिथे भेटतो तिथे ५० मिमीची फट सोडा आणि तिच्यावर स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याची झाकणपट्टी घाला. पट्टी एकाच बाजूला, भिंतीच्या सांध्यात चुन्याने बसवायची, दुसरी बाजू मोकळी. दोन्हीकडे स्क्रूने आवळली तर पहिल्याच उन्हाळ्यात ती ताणून निघते.

आत जाण्यासाठी नवे भगदाड पाडू नका. मागच्या भिंतीतली एखादी खिडकी निवडा आणि तिच्या खालची भिंत तेवढी काढा. वरचे लाकडी लिंटेल आणि त्यावरचा भार जसाच्या तसा राहतो, टेकूची भानगड उरत नाही आणि परवानगी मागताना युक्तिवादही सोपा होतो.

नव्या भागाचे रूप कसे असावे यावर वाद होतात. फायबरचे कोरीव खांब आणि छापील गणेशपट्टी लावून पेशवाईचा आव आणू नये, हे आमचे स्पष्ट मत. नवा भाग एकमजली, उंचीने वाड्याच्या खाली आणि दिंडी दरवाजातून न दिसणारा असला की पुरे. पडवीची खोली, खिडक्यांची उभी मापे, जोत्याची उंची एवढे वाड्यावरून घ्यावे. साहित्य खुशाल आजचे वापरावे: विटांच्या भिंती, सपाट स्लॅब, त्यावर सौर पॅनेल आणि पाण्याची टाकी. १,००० लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन. ते वाड्याच्या माळ्यावर ठेवण्याचा मोह पाइपची लांबी वाचवण्यासाठी होतो. तो आवरा.

सांडपाण्याच्या नळ्या वाड्यापासून दूर जाणाऱ्या दिशेला. ११० मिमीच्या पाइपला १:६० उतार, प्रत्येक वळणावर चेंबर. गटाराची सोय नसेल तर शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किंवा आडापासून १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर लांब हवा. लहान परसात हे गणित बसत नाही, म्हणून शोषखड्ड्याची जागा आधी ठरवा आणि खोल्या नंतर मांडा. वरच्या मजल्यावर एखादे न्हाणीघर हवेच असा आग्रह असेल तर तेही नव्या भागाच्या स्लॅबवर चढवा, कडीपाटावर कधीही नाही. वॉटरप्रूफिंगची हमी दहा वर्षांची असते, आणि गळती खालून दिसेपर्यंत कड्यांची टोके गेलेली असतात.

काम संपल्यावर

ठेकेदाराची अखेरची रक्कम पहिला पावसाळा निघेपर्यंत राखून ठेवण्याची अट करारात घाला. दर मे महिन्यात पन्हळी साफ करणे, फुटकी कौले बदलणे, चेंबर उघडून गाळ काढणे आणि झाकणपट्टीची मोकळी बाजू बुजली नाही ना हे बघणे, एवढी एका दिवसाची कामे. दर चार-पाच वर्षांनी बाहेरच्या लाकडाला बेलतेलाचा हात.

त्याच शिक्क्याची शंभरेक कौले परसात उभी रचून ठेवा, पुढे मिळणार नाहीत. उरलेले चुन्याचे लोणी फेकू नका. झाकणाच्या ड्रममध्ये, वर चार बोटे पाणी ठेवले तर ते वर्षानुवर्षे टिकते आणि उलट चांगले होत जाते. पाणी आटू द्यायचे नाही, आणि ड्रम पत्र्याचा नको, प्लास्टिकचा घ्या.